मोजलं कोणी?

“आवटी, उंदीर तुमच्या हातात आहे, की तुम्ही उंदराच्या हातात?”

रेगे मॅडमनी हे अगदी शांतपणे विचारलं. उंदीर तेव्हा माझ्या ॲप्रनच्या बाहीतून आत शिरून कोपरापर्यंत पोचला होता आणि मी एक हात ताठ वर करून, कोर्टात शपथ घ्यायला उभी असल्यासारखी उभी होते. लोखंडेमामा पुढे आले. त्यांनी बाहीवर बाहेरून हलकी टिचकी मारली, खाली ओंजळ धरली आणि तो पांढराशुभ्र उंदीर, एस.टी.तून उतरावा तसा, सावकाश त्यांच्या ओंजळीत उतरला.

“नवीन हायती. सांभाळून घ्या,” मामा म्हणाले. मला वाटलं मॅडमना सांगताहेत. ते उंदराला सांगत होते.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावात फार्मसीचं कॉलेज होतं, तिथं मी एम. फार्म. करत होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मामा अजून त्याच गावात राहतात आणि ही गोष्ट चारचौघांत सांगितलेली त्यांना आवडत नाही. फार्माकॉलॉजीला आम्ही दोघंच: मी, रोहिणी आवटी, आणि मिरजेचा इम्तियाज मुल्ला. विभागप्रमुख आणि आमच्या दोघांच्याही मार्गदर्शक डॉ. कुमुद रेगे. विषय सूज. सूज का येते, कशी वाढते आणि कशानं उतरते, हे प्राण्यांवर प्रयोग करून शिकायचं. प्राणी म्हणजे आमच्याकडे पांढरे उंदीर, आणि उंदीर म्हणजे लोखंडेमामा. प्राणिगृहाच्या किल्ल्या, खुराडी, भुसा, पाणी, भिजवलेले हरभरे, सगळं त्यांच्या ताब्यात. नऊ वर्षं ते हंगामी म्हणून काम करत होते आणि येत्या जूनमध्ये कायम होतील असं त्यांना तीन प्राचार्यांनी सांगितलं होतं.

पहिले तीन आठवडे मॅडमनी आम्हांला दुसरं काहीही करू दिलं नाही. रोज एक तास उंदीर हातात धरायचा. अंगठा आणि बोट कुठं ठेवायचं, मानेला आधार कसा द्यायचा, एवढंच.

“घाबरलेल्या उंदराची सूज वेगळी येते,” मॅडम म्हणायच्या. “आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याचे आकडे वेगळे येतात. आधी दोघंही शांत व्हा.”

इम्तियाजला दोनदा चावा बसला. तो ओरडला नाही. टिंक्चर लावलं आणि वहीत लिहिलं, ‘चावा, दुसरा, चूक माझी.’ तो प्रत्येक गोष्ट अशीच करायचा, सावकाश आणि लिहून. एक उंदीर मोजायला मला दोन मिनिटं लागायची, त्याला पाच. मी त्याला ‘मुल्ला, तुझा उंदीर म्हातारा होईल’ असं म्हणायची आणि तो हसायचा.

मोजायचं म्हणजे काय, ते सांगते. समुद्री शेवाळापासून काढलेली एक भुकटी असते. तिच्या द्रावणाचा एक थेंबभर उंदराच्या मागच्या उजव्या तळव्यात सुईनं टोचला की तासाभरात पाय सुजायला लागतो आणि तिसऱ्या तासाला चांगला टरारतो. दुसऱ्या दिवशी आपोआप उतरतो. टोचण्याआधी तासभर काही उंदरांना औषध पाजायचं, काहींना नुसतं डिंकाचं पाणी, आणि मग कुणाचा पाय किती सुजला ते बघायचं. त्यासाठी काचेच्या नळीत पारा भरलेलं एक यंत्र होतं. घोट्यावर शाईनं रेघ मारायची, पाय त्या रेघेपर्यंत पाऱ्यात बुडवायचा आणि बाजूच्या नळीत पारा किती चढला ते वाचायचं. हिशोबाच्या कटकटीत तुम्हांला पाडत नाही. पाय जितका जास्त सुजेल तितका आकडा मोठा, एवढं पुरे.

माझे सरावाचे आकडे सुरेख यायचे. सहाच्या सहा उंदीर एका ओळीत. इम्तियाजचे खालीवर. मॅडम दोन्ही वह्या बघायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलेला एकही विद्यार्थी हयात नाही, असं सिनिअर मुलं सांगायची.

माझ्या प्रबंधाचं औषध होतं पांगाऱ्याची साल. तिचा अर्क काढून मी डिंकाच्या पाण्यात घोटून ठेवला. गडद तपकिरी रंगाचा, जरा तुरट वासाचा. मुख्य प्रयोगाच्या दिवशी सकाळी मॅडम म्हणाल्या, “औषध तुम्ही पाजा. मोजू दे मुल्लाला. कुठल्या उंदराला काय पाजलंय ते त्याला सांगू नका.”

“मॅडम, त्याला फार वेळ लागतो,” मी म्हटलं. “अठरा उंदीर आहेत. माझे तास चुकतील. मीच मोजते. माझा हात बसलाय.”

मॅडमना त्या दिवशी विद्यापीठात मीटिंग होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ठीक आहे,” म्हणाल्या, आणि गेल्या.

प्रयोग देखणा झाला. सहा उंदरांना नुसतं डिंकाचं पाणी, सहांना बाजारातली सुजेवरची गोळी, सहांना माझा पांगारा. तिसऱ्या तासाला डिंकवाल्यांची सूज सरासरी चौऱ्याहत्तर आली, पांगाऱ्याची चौतीस. म्हणजे सूज चोपन्न टक्क्यांनी कमी. गोळीच्या जवळपास बरोबरीला माझी साल. मी तो हिशोब चार वेळा केला आणि चारही वेळा तोच आला.

मॅडमनी तक्ता वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचला.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या.

सिनिअर मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला कॅन्टीनमध्ये मिसळ खाऊ घातली. त्याच आठवड्यात मॅडमनी गोषवारा लिहून नागपूरच्या औषधशास्त्र अधिवेशनाला पाठवला आणि माझं दहा मिनिटांचं भाषण मंजूर झालं.

तासगावात आमचं औषधाचं दुकान. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी रिसीव्हर बाजूला न घेताच दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर खोकल्याचं औषध न्यायला आला आणि बातमी घेऊन गेला. ‘सांधेसुजीवर पांगारा रामबाण: तासगावच्या कन्येचं संशोधन’. खाली माझा दहावीतला फोटो, दोन वेण्यांचा.

“अण्णा, उंदरांच्या पायावर केलंय,” मी फोनवर म्हटलं. “माणसाच्या सांध्याचा काही संबंध नाही अजून.”

“ते वार्ताहराला बघू दे. तुझ्या आत्यानं कालपासून सालीचा लेप लावलाय. गुडघा निम्मा उतरला म्हणते.”

“निम्मा?”

“पन्नास टक्के तरी, असं म्हणाली. तुझ्यापेक्षा चार कमी.”

मी हसले. आत्याच्या गुडघ्यावर हसले, स्वतःच्या आकड्यावर नाही.

अधिवेशनाला नऊ दिवस उरले होते. दुपारची वेळ. मी प्राणिगृहाच्या पायरीवर बसून, भाषणात पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिकांवर रंगीत पेनानं आलेख काढत होते. मामा आतून आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. खिशातून त्याच बातमीचं कात्रण काढून त्यांनी पायरीवर ठेवलं.

“ताई, आमच्या गल्लीतल्या शाळेपुढं एक पांगारा हाय.”

“बरं.”

“व्हता म्हणायचं आता. मानसाच्या उंचीपर्यंत सोलून काढलाय. शिंदेवहिनी तर काढा पित्यात सकाळ-संध्याकाळ. माझ्या सासूनं पिशवी भरून आनली. मला म्हनती, तुमच्याच हापिसात शोध लागला, तुमी का पित न्हाई.”

“मामा, तिला सांगा, पिऊ नका. ते अजून सिद्ध नाही झालं.”

“तेच सांगाय आलोय.” मामांनी कात्रणाची घडी घातली, परत उघडली. “प्रयोगाच्या दिवशी फ्रीज पुसताना तुमची बाटली हातातनं सुटली. फुटली न्हाई, पन सगळं सांडलं. मॅडम मीटिंगला. तुमी यायला अर्धा तास. जून जवळ आलेला. मला काय सुचंना.”

मी पेनाचं टोपण लावलं. “कुठली बाटली?”

“पांगाऱ्याची.”

“मग मी पाजलं ते काय होतं?”

“डिंकाचं पानी मीच करतो की रोज. त्यात कॅन्टीनचा कोरा चहा वतला. रंग अक्षी जमला. दोनदा केला, पैल्यांदा फिक्का झाला व्हता.”

आत खुराड्यात एक उंदीर पाण्याची नळी चाटत होता, तेवढाच आवाज. माझ्या मांडीवर आलेख होता, त्यात हिरव्या पेनानं काढलेला पांगाऱ्याचा खांब अर्ध्यावर थांबला होता.

“साखर?” मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

“न्हाई, बिनसाखरंचा. उंदरास्नी साखर चालत न्हाई असं मॅडम म्हणत्यात.”

मामांवर चिडायला मला वेळच झाला नाही, कारण माझं डोकं भलतीकडंच धावायला लागलं होतं. औषध नव्हतं, तरी सूज चोपन्न टक्क्यांनी उतरली. मग उतरवली कुणी? चहानं. चहात काय काय असतं. इतका साधा पदार्थ, रोज देशभर पितात, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा मिनिटांत मी पांगारा सोडून चहाची शोधक झाले होते. आलेखावरचं ‘पांगारा’ खोडून ‘चहा’ लिहिलं की काम भागत होतं. खांबाची उंचीसुद्धा बदलावी लागणार नव्हती.

सरावासाठी मंजूर झालेले बारा उंदीर शिल्लक होते. मी इम्तियाजला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो नेहमीप्रमाणे सावकाश ऐकत राहिला.

“मॅडमना कधी सांगणार?”

“आधी चहा सिद्ध करू दे. मग दोन्ही एकदम सांगते.”

“मोजणार कोण?”

“तूच मोज,” मी म्हटलं. मला वेळेची घाई नव्हती, आणि दुसऱ्या माणसानं मोजलेला आकडा अधिवेशनात जास्त वजनदार दिसला असता. “कुणाला काय पाजलंय ते तुला सांगत नाही.”

शनिवारी सकाळी मी सहा उंदरांना चहा पाजला, सहांना नुसता डिंक, शेपटीवर खुणा केल्या आणि यादी माझ्या खिशात ठेवली. मामा उंदीर कुठल्याही क्रमानं काढून द्यायचे, इम्तियाज मोजायचा, मी लिहायची. बारा उंदरांना त्यानं तासभर घेतला. प्रत्येक वेळी तो खाली वाकून, रेघ पाऱ्याला टेकली का ते एका डोळ्यानं बघायचा. मी मागे उभी राहून बोटं मोडत होते.

सरासरी काढली. डिंक सत्तावन्न. चहा छप्पन्न.

“तुझा हात हललाय,” मी म्हटलं.

“असेल,” इम्तियाज म्हणाला. त्याला राग आला नाही. तो खरंच विचार करत होता. “तू मोज एकदा. अजून तिसराच तास चालू आहे.”

मी यादीत बघून चहाचा एक उंदीर मागितला. त्याच उंदराचा आकडा इम्तियाजच्या हातानं छप्पन्न आला होता. मी पाय बुडवला, पारा वाचला. अडतीस.

“बघ,” मी म्हटलं. “अडतीस.”

इम्तियाजनं वही ओढून तेही लिहून घेतलं. मामा मात्र माझ्या शेजारी वाकले होते, उंदराची शेपटी धरून.

“ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, “रेघ वर ऱ्हायली की.”

मी पाहिलं. घोट्यावरची शाईची रेघ पाऱ्याच्या चांगली वर होती, कोरडी. माझा हात रेघेच्या अलीकडेच थांबला होता. मी थांबवला नव्हता. म्हणजे, थांबवतेय असं मला कळलं नव्हतं.

“डिंकाचा द्या,” मी म्हटलं.

मामांनी दिला. इम्तियाजचा सत्तावन्न. मी पाय बुडवला. एकाहत्तर. या वेळी मी स्वतःच खाली पाहिलं. रेघ दिसतच नव्हती. पाऱ्यात बुडाली होती. उंदीर माझ्या हातात अगदी शांत होता. तीन आठवड्यांचं शिक्षण काही वाया गेलं नव्हतं.

मी तो परत खुराड्यात ठेवला आणि स्टुलावर बसले.  मग इम्तियाज म्हणाला, “माझंही होत असणार. कुणाला काय पाजलंय ते मला माहीत नव्हतं, म्हणून वाचलो.” तो माझी समजूत काढत नव्हता. त्यानं ते वहीत लिहूनही ठेवलं, पुढे मी वाचलं.

आता उरला प्रश्न मॅडमचा. नागपूरची पुस्तिका छापून झाली होती, त्यात माझं नाव आणि चोपन्न टक्के. विभागाला त्या आकड्यावर पुढचा प्रकल्प मिळायचा होता. आणि मामांचा जून. मामा म्हणाले, “तुमी खरं सांगा, माझं व्हायचं ते व्हईल.” पण हे म्हणताना ते किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. मी ठरवलं की बाटली माझ्या हातून सांडली असं सांगायचं. एवीतेवी बुडतेच आहे तर एकटीनं बुडावं.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहिले आणि एका दमात सगळं म्हटलं. अर्क सांडला, माझ्या हातून. घाबरून चहा घातला, मीच. आकडे खोटे नाहीत, पण खरेही नाहीत. माझा हात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. समोरचा कागद बाजूला ठेवला.

“सांडला म्हणता. कुठे?”

“प्राणिगृहात. फ्रीजजवळ.”

“तुमच्या ॲप्रनवर डाग नाही. पांगाऱ्याचा डाग धुऊन जात नाही, आवटी. लोखंड्यांच्या खाकी शर्टावर तो महिनाभर दिसतोय. मी समजत होते, पानाचा आहे.” त्यांनी बेल वाजवली आणि शिपायाला मामांना बोलवायला सांगितलं.

मामा आले, दाराशीच उभे राहिले.

“लोखंडे, चहा तुम्ही केलात?”

“व्हय मॅडम.”

“डिंकात?”

“व्हय.”

“आता तीन कप करा. डिंक नको. प्यायला.”

मामा गेले ते पळतच. मॅडम खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्या रागावतील, रडवतील, वर्ष घालवतील, असं काय काय मी रात्रभर कल्पून आले होते. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी ‘ठीक आहे’ म्हटलं. घड्याळ बघून. मुल्लाला मोजू दे, हे मीच सांगितलं आणि मीच सोडलं. तेव्हा एकट्या बुडू नका, दोघींना पुरेल इतकी जागा आहे नदीत.”

“मग नागपूरचं कळवूया का, की येत नाही?”

“का? दहा मिनिटं मिळाली आहेत. नवीन पारदर्शिका करा.”

“त्यात काय लिहू?”

“जे झालं ते. लोखंड्यांचं नाव घालू नका. बाटली विभागात सांडली, एवढं पुरे.”

नागपुरात सभागृह भरलेलं होतं. व्यासपीठावर अध्यक्ष डॉ. वझलवार, पांढऱ्या भुवयांचे वृद्ध प्राध्यापक. भाषणं इंग्रजीत चालायची, पण वझलवारांना राग आला किंवा मजा वाटली की ते मराठीत येत. माझं नाव पुकारलं गेलं. मी पहिल्या पारदर्शिकेवर छापलेला आकडा दाखवला आणि म्हटलं, हा पांगाऱ्याचा नाही, कोऱ्या चहाचा आहे. थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या पारदर्शिकेवर इम्तियाजचे आकडे. तिसरीवर तोच उंदीर, तोच पाय, तोच तास: त्याचा हात छप्पन्न, माझा अडतीस. मग मी घोट्याचं चित्र काढून, रेघ कुठे होती ते दाखवलं. मागच्या रांगेत कुणी तरी हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. मी पण हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सहा मिनिटांतच माझं संपलं.

वझलवार मात्र हसले नव्हते. ते बराच वेळ पुस्तिका चाळत होते. पुढचा वक्ता उठला, एका मोठ्या शहरातले कुणी डॉ. गर्गे. कुठल्याशा मुळीनं सूज एकाहत्तर टक्के उतरवली होती. सुंदर रंगीत आलेख. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि वझलवार माईकमध्ये म्हणाले, “छान. मोजलं कोणी जी?”

“सर?”

“पाय. मोजला कोणी?”

गर्ग्यांनी टायला हात लावला. “मीच.”

“कोणता गट कोणता, माहीत होतं?”

“माझाच प्रयोग, सर. माहीत असणारच.”

“बसा,” वझलवार म्हणाले. कुणी हसलं नाही, पण खुर्च्यांची बरीच चुळबुळ झाली.

त्यानंतरच्या वक्त्याला तोच प्रश्न. “मोजलं कोणी?” “मी आणि माझा विद्यार्थी.” “दोघांना माहीत?” “होय.” “बसा.” तिसरे एक गृहस्थ अडुसष्ट टक्के घेऊन आले होते. ते भाषण संपवून, प्रश्न यायच्या आधी स्वतःच म्हणाले, “मीच मोजलं,” आणि खाली उतरले. चौथ्या वेळी वझलवारांनी तोंड उघडलं तर अर्ध्या सभागृहानं त्यांच्याबरोबरच विचारलं, मोजलं कोणी. पाचव्या वक्त्याचं नाव पुकारलं तेव्हा ते चहा प्यायला बाहेर गेलेले होते आणि सापडले नाहीत.

माझं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्या दुपारचा शेवट माझा नाही. प्रबंध आठ महिने लांबला. खरा पांगारा पाजून सगळं पुन्हा केलं. माझे उंदीर इम्तियाजनं मोजले, त्याचे मी, आणि यादी मॅडमच्या कपाटात कुलपात. सूज एकोणीस टक्के उतरली. अण्णा म्हणाले, चोपन्न सांगून झालंय, आता गिऱ्हाइकांना एकोणीस कोणत्या तोंडानं सांगू. मी त्यांना तोंड सुचवलं नाही. आत्यानं लेप चालूच ठेवला. मामा त्या जूनमध्ये नाही, पुढच्या जूनमध्ये कायम झाले. तो अर्ज मॅडमनी स्वतः लिहिला, त्यात ‘निरीक्षणशक्ती उत्तम’ असं वाक्य आहे. आज मी पुण्यात मुलांना हेच शिकवते. पहिले तीन आठवडे उंदीर धरायचा.

तर त्या दुपारी शेवटचा वक्ता उरला होता. खामगावकडचे एक प्राध्यापक, तायडे. बुटके, इस्त्री मोडलेला कोट, हातात तीनच पारदर्शिका. एका रानभाजीच्या पाल्यावर काम केलेलं. घाईघाईनं त्यांनी सगळं वाचून दाखवलं आणि आकडा आला तेव्हा आवाज इतका खाली नेला की ऐकू आला नाही.

“किती टक्के म्हणालात?” वझलवारांनी विचारलं.

“अकरा, सर.” तायड्यांनी कपाळ पुसलं. “कमी आहे. कल्पना आहे मला.”

“मोजलं कोणी?”

“बायकोनं.”

सभागृहात हशा उसळला. वझलवारांनी हात वर करून तो थांबवला.

“त्या फार्मसीच्या आहेत का?”

“नाही जी. शाळेत शिवण शिकवते. आमच्याकडं दुसरं माणूस नव्हतं. तिला मापं घ्यायची सवय, म्हणून बसवलं. रेघ म्हणजे रेघ, म्हणते.”

“कोणत्या उंदराला काय पाजलं, ते त्यांना माहीत होतं?”

“प्रयोग कुठल्या पाल्याचा हेसुद्धा तिला माहीत नव्हतं, सर. भाजी करते ती त्याची, पण प्रयोगातला तोच आहे हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं उंदरांना हात लावला नसता.”

वझलवार खुर्चीतून उठले. वय झालेलं, टेबलाला धरून उठावं लागलं. मग त्यांनी टाळी वाजवली. पहिल्या रांगेतून रेगे मॅडमनी वाजवली, मग मी, आणि मग गर्ग्यांसकट सगळ्यांनी. छत दणाणून गेलं. तायडे गोंधळून उभे होते. टाळ्या कुणासाठी चालल्या आहेत ते बघायला त्यांनी मागे वळून रिकाम्या पडद्याकडे पाहिलं.